कडूबाई जावळ सोडून गेली तो रविवार

कडूबाईशी कुणी गोड बोलायला लागलं की तिच्या कपाळावरची शीर उठायची. गोड बोलण्यामागं काम असतं, हे ती लहानपणीच शिकली होती. आणि त्या शनिवारी तर सकाळपासून सगळं घर तिच्याशी गोड बोलत होतं.

"आई, बाळाला जरा घेता का? मी पाच मिनिटांत अंघोळ करून येते," असं म्हणून धाकटी सून दिपाली जी गेली, ती तासाभरानं केस वाळवत बाहेर आली. "आत्या, तुमच्या हातच्या भाकरीला तोड न्हाई, पाव्हन्यांच्या भाकरी तुमीच करा," असं म्हणत थोरली सून अश्विनीनं पिठाची परात तिच्यापुढं सरकवली. थोरला मुलगा वाल्मिक गोठ्यातून ओरडला, "आई, ढवळी दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाई, धारंला ये की जरा." आणि धाकटा बिभीषण, चाकणच्या कंपनीतून दोन दिवसांची सुट्टी काढून मोटारीनं आलेला, त्यानं तर चक्क तिच्या गळ्यात हात टाकला.

"आई, किती वाळलीस गं तू. तुला आता आराम पाहिजे."

"हात काढ," कडूबाई म्हणाली. "उकडतंय."

बेलापूरच्या पुढं, कालव्याला लागून त्यांची वस्ती. रविवारी बिभीषणच्या पोराचं जावळ काढायचं होतं. पोराचं नाव शिवांश. ते नाव कडूबाईच्या जिभेवर बसत नसे, म्हणून ती त्याला नुसतं 'गड्या' म्हणायची, आणि तिनं 'गड्या' म्हटलं की दिपालीच्या कपाळाला आठी पडायची. बाभळीला बोकड बांधला होता. अंगणात मांडव पडत होता. साउंडवाल्यानं माणसाएवढ्या दोन पेट्या ओट्यावर चढवल्या आणि "हॅलो, हॅलो, चेक" करून गोठ्यातल्या गाया उधळवल्या. कडूबाईनं चुलीपुढून त्याला अशी काही शिवी हासडली की तो पोरगा वायर हातात धरून तसाच उभा राहिला.

"आई, अहो, माझ्या माहेरचे येणार आहेत. असं नका बोलू," दिपाली म्हणाली.

"तुझ्या म्हायेरचे बहिरे हायेत का? त्यांनाबी कळू दे," कडूबाई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

तिची जीभ अशी का होती, हे जाणून घ्यायची कुणाला गरज वाटली नव्हती. नावच कडू, तेव्हा स्वभाव दुसरा कसा असेल, असं म्हणून लोक मोकळे व्हायचे. पण ते नाव काही स्वभाव बघून ठेवलेलं नव्हतं. तिचे आईबाप पाथर्डीच्या बाजूचे. दिवाळी झाली की संसार बैलगाडीत घालायचा आणि ऊसतोडीला कारखान्याची वाट धरायची. तिच्याआधीची दोन लेकरं फडावरच गेली. ही तरी जगावी, कुणाची नजर हिच्यावर पडू नये, म्हणून बापानं नाव ठेवलं कडू. ती जगली. उसाच्या वाळक्या पाल्याच्या, पाचटाच्या झोपडीत, कोपीत वाढली. एका कोपीच्या कुडाला दुसरीचा कूड, त्यामुळं शेजारच्या म्हातारीचा खोकला आपल्याच अंथरुणात उठल्यासारखा वाटायचा. पाण्याच्या टाकीवर, सरपणावर, मुकादमापुढं, जो मोठ्यानं ओरडेल त्याचंच ऐकलं जायचं. कडू ओरडायला शिकली. गप्प बसणाऱ्या बाईच्या कळशीत पाणी पडत नाही, हे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं.

लग्न होऊन ती या पाटपाण्याच्या रानात आली, तेव्हा पोरीनं नशीब काढलं म्हणून पाथर्डीकडच्या बाया तोंडात बोटं घालून बसल्या. नवरा गोरक्षनाथ मवाळ माणूस. कडूबाईनं तोंड सोडलं की तो टोपी उचलायचा आणि कालव्यावर जाऊन बसायचा. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्या न बोलता उठून जाण्याचाच तिला संताप यायचा. असाच एका दुपारी तो कालव्यावर बसला आणि तिथंच छातीत कळ येऊन कलंडला.

दशक्रियेच्या दिवशी भावकीतल्या सगळ्या बाया जमलेल्या असताना तिची थोरली जाऊ छबूबाई उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "माझा दीर छातीच्या कळंनं न्हाई मेला. हिच्या जिभंनं नेला त्याला."

कडूबाईच्या हातात तांब्या होता. तो तिनं फेकून मारला. छबूबाईच्या डाव्या भुवईवर त्याची खूण कायमची राहिली. त्या दिवसापासून दोघींचा अबोला. दोन घरांच्या मधे फक्त लसूणघासाचा एक वाफा आणि बोराट्यांचं कुंपण, पण त्या दोघींसाठी तो मुलूखच वेगळा होता. पुरुषांचं येणंजाणं चालू होतं. छबूबाईचा नवरा, श्रीमंत नावाचा, पुतण्यांशी बोलायचा, जेवायखाण्याला यायचा. जावळाचंही त्याला आमंत्रण गेलं होतं. छबूबाईचं नाव मात्र कुणी काढलं नाही, आणि काढलं असतं तर कडूबाईनं भाकरी तव्यावरच सोडली असती.

शनिवारी दुपारनंतर दिपालीचं माहेर श्रीगोंद्याहून दोन क्रूझर भरून आलं. पोरं, पोरींच्या पोरी, माम्या, मावश्या. कुणाला गार पाणी पाहिजे होतं, कुणाला चार्जरचा पॉइंट. विहीणबाई घरात शिरल्या, चारी भिंतींकडं बघितलं आणि म्हणाल्या, "घर जरा अंधारंच आहे, नाही?"

"उजेड भाईर हाय," कडूबाई म्हणाली. "बसा जाऊन तिथं."

विहीणबाई हसल्या, त्यांना वाटलं चेष्टा केली. दिपाली हसली नाही. तिनं नवऱ्याला बाजूला घेतलं, आणि नवऱ्यानं आईला. "आई, दोन दिवस तोंडावर ताबा ठेव. माझी इज्जत जाते." कडूबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. पोट सुटलं होतं, हातात जाड घड्याळ होतं. हाच लहानपणी ढेकूण चावला तरी तिच्या पदरात येऊन झोपायचा. आता याची इज्जत तिच्या तोंडात होती.

रविवारी उजाडल्यापासून तिचा पाय जमिनीला टेकला नाही. धारा, शेण, चहाची पातेली, मग भाकरी. मटण आचाऱ्याकडं होतं, पण भाकरी घरचीच पाहिजे, असा विहीणबाईंचा आग्रह आणि अश्विनीचा दुजोरा. धुरानं डोळे लाल झाले. जावळ काढताना पोराच्या मामानं त्याला मांडीवर घट्ट धरलं, वस्तरा लागला तसं पोरानं आभाळ डोक्यावर घेतलं आणि त्याचं रडू ऐकू येऊ नये म्हणून की काय, साउंडवाल्यानं आवाज वाढवला. कडूबाई चुलीवरून उठून तिथवर आली होती. पोराला जवळ घ्यावं म्हणून तिनं हात पुढं केले, तर दिपाली म्हणाली, "आई, हाताला पीठ आहे तुमच्या."

ती परत चुलीकडं गेली.

पहिली पंगत बसली. कडूबाई भाकरीची पाटी घेऊन वाढत होती. तेवढ्यात गाणं थांबलं आणि बिभीषणनं माईक हातात घेतला. आलेल्या सगळ्यांचे आभार मानले, सासऱ्यांचं नाव घेतलं, मेव्हण्यांचं नाव घेतलं, आणि मग गळा दाटल्यासारखं करून म्हणाला, "आणखी एक आनंदाची गोष्ट. आमच्या आईनं आयुष्यभर लई कष्ट केले. आता तिला आम्ही चाकणला घेऊन चाललोय. आमच्याजवळ राहील, नातवाला खेळवील. पुढच्या आठवड्यापासून दिपालीची ड्युटी सुरू होतीये, आईचा आम्हाला मोठा आधार होईल."

श्रीगोंद्याच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कडूबाईच्या हातातली भाकरी वाढायची तशीच राहिली. हे तिला पहिल्यांदा कळत होतं, आणि तेही पेटीतून.

वाल्मिक पंगतीत वाढत होता. त्यानं रश्श्याची बादली खाली ठेवली. "कुनाला इचारून?"

"दादा, नंतर बोलू," बिभीषण म्हणाला. माईक चालूच होता, त्यामुळं हेही सगळ्या वस्तीनं ऐकलं.

"नंतर कशाला? गोठ्यात सकाळ-सांज कोन जाईल? तुझी बायको येनार हाय का चाकनहून धारा काढायला?"

"भाऊजी, मग बाळाला काय पाळणाघरात टाकू?" दिपाली मधे पडली. "आजी असताना?"

आता अश्विनीनं पदर खोचला. "वा गं वा! वर्सभर आमी संभाळायचं, दुखलं-खुपलं आमी बघायचं, आन हातपाय चालतात तवर तुमी न्यायचं. आजारी पडली की आनून टाकाल आमच्याच दारात!"

"आजारी पडायची वाट बघताय का वहिनी?"

"तू तोंड सांभाळ!"

वाल्मिकनं भावाच्या हातातला माईक ओढला, बिभीषणनं तो सोडला नाही, आणि पेट्यांमधून असली कर्कश शीळ निघाली की पंगतीतल्या माणसांनी कानांवर हात ठेवले. मामालोक उठले. कुणी तरी वाल्मिकला मागून धरलं. कुणी तरी पत्रावळीवर पाय दिला. श्रीमंत म्हातारा "आरं गप बसा, आरं पाव्हने हायेत," म्हणत मधे नाचत होता.

कडूबाई भाकरीची पाटी कमरेवर घेऊन उभी होती. एकानंही तिच्याकडं बघितलं नाही. तिला बैलबाजार आठवला. तिथं निदान बैलाच्या पाठीवर हात फिरवून मग बोली करतात. धारांना पाहिजे, पोराला पाहिजे, हातपाय चालतात तोवर पाहिजे. तिला वाटलं, आपणही आता तोंड सोडावं, दोघांची पार पिसं काढावीत. तोंड उघडलंही. पण आवाजच फुटला नाही. एवढ्या गलक्यात आपला ओरडा मिसळायचा आणि आपल्यालाच ऐकू यायचा नाही, असं तिला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला ओरडायचा कंटाळा आला.

तिनं पाटी जमिनीवर ठेवली आणि ती निघाली.

घरात जावं तर देवाच्या खोलीत विहीणबाई फॅन लावून आडव्या झालेल्या. गोठ्यात पोरं मोबाईलवर खेळत बसलेली. कालव्याच्या भरावावर मामालोकांतले काही जण बाटल्या घेऊन बसलेले, ते "या विहीणबाई" म्हणून हसले असते. कडूबाई घासाच्या वाफ्यात शिरली आणि बांधाबांधानं चालत राहिली. पायात चप्पल नाही, माती तापलेली. बोराट्यांच्या कुंपणाशी आली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की साऱ्या शिवारात एकच जागा अशी आहे, जिथं तिला शोधायला कुणी येणार नाही. कुंपणातली कुत्र्यांची वाट तिनं हातानं मोठी केली, हाताला काटे ओरबाडले, आणि ती छबूबाईच्या खळ्यात उतरली.

छबूबाई कडुलिंबाखाली एकटीच कांदा काटत बसली होती. रानातून काढून आणलेल्या गावरान कांद्याचा ढीग एका अंगाला, कापलेल्या पातीचा ढीग दुसऱ्या अंगाला. तिनं मान वर केली. विळा हातातच राहिला. भुवईवरची खूण उन्हात चकाकली.

कडूबाई उभी राहिली. छबूबाईनं हाकललं तर काय उत्तर द्यायचं, ते तिच्या ओठावर तयार होतं. पण छबूबाईनं हाकललं नाही. तिनं कडूबाईच्या पायांकडं बघितलं, मग समोर दाणे टिपणाऱ्या कोंबडीकडं बघितलं आणि कोंबडीला म्हणाली, "तळपाय भाजतात तरी लोकांस्नी अक्कल येत न्हाई बघ." आणि बुडाखालचं एक गोणपाट ओढून तिनं सावलीत फेकलं.

कडूबाई गोणपाटावर बसली. छबूबाईचा विळा चालत राहिला. पात कापायची, मुळं कापायची, कांदा ढिगावर टाकायचा. थोड्या वेळानं तिनं पायानं एक दुसरा विळा कडूबाईकडं सरकवला. हातानं दिला नाही. कडूबाईनं तो उचलला आणि समोरचा कांदा घेतला.

घराकडून गाणं पुन्हा सुरू झाल्याचं कळत होतं, पण आवाज आता पार बारीक केला होता. नुसती जमिनीत धप धप जाणवत होती. इथं विळ्याचा कचकच आवाज होता. लिंबाची वाळकी पानं पडत होती. तिला कुणी हाक मारत नव्हतं. कुणी गोड बोलत नव्हतं. समोरची बाई तिचा मनापासून राग करत होती, आणि म्हणूनच तिला कडूबाईकडून काहीच नको होतं. असं माणूस शेजारी असण्यात एवढी विश्रांती असते, हे कडूबाईला माहीत नव्हतं. तिचा श्वास हळूहळू खाली बसला. खांदे सैल पडले. कधी पडले, ते तिला कळलंही नाही.

हात चालू होते आणि मन कालव्यावर गेलं. गोरक्षनाथ तिथं बसून काय करत असेल, याचा तिनं कधी विचारच केला नव्हता. तो रुसून जातो, आपला अपमान करून जातो, एवढंच तिला वाटायचं. आता तिला वाटलं, तो बहुतेक काहीच करत नसेल. पाणी बघत असेल. घरी आल्यावर नेहमी एकच विचारायचा, "चहा ठेवतीस का?" आणि ती म्हणायची, "आला सायेब!" तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कांद्याचं की दुसरं, हे बघायला कुणी नव्हतं. छबूबाईच्याही डोळ्यांतून येतच होतं.

तेवढ्यात फाटकाकडून आवाज आला. "मोठी आई! ए मोठी आई!"

बिभीषण होता. कडूबाई दचकून उठली आणि कांदाचाळीच्या मागं सरकली. फळ्यांच्या फटींतून तिला दिसत होतं. बिभीषणचा सदरा खांद्यावर फाटला होता. छबूबाई जागची हलली नाही.

"मोठी आई, आमची आई आलीये का इकडं?"

कडूबाईनं डोळे मिटले. सांगेल आता, असं तिला वाटलं. अंगणात बोलावून चार माणसांत सांगेल, 'बघा, आली माझ्याच दारात'. इतकी वर्षं दात धरून बसलेल्या बाईला यापेक्षा चांगली संधी कुठली?

छबूबाईनं विळा जमिनीत रोवला. "कोन? तुझी आई? माझ्या दारात?" तिचा आवाज असा चढला की कोंबडी पळाली. "आरं, ती मरायला टेकली तरी माझ्या हातचं पानी न्हाई घेनार, आन मी देनारबी न्हाई! हितं येऊन तिचं नाव काढतोस? शुभ दिसाला आमंतरन द्यायला तोंड न्हवतं, आन आता धुंडायला येतोस? चल, नीघ!"

"तसं न्हाई मोठी आई, मी आपलं..."

"नीघ म्हन्ते ना!"

बिभीषण निघाला. जाताना फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकू आला, "न्हाई रे दादा, इथं कशी असेल ती. उगाच शिव्या खाल्ल्या."

कडूबाई चाळीमागून बाहेर आली. छबूबाई पुन्हा कांदे काटत होती, जसं काही झालंच नाही. तिच्या बोलण्यातलं अक्षरही खोटं वाटण्यासारखं नव्हतं. आणि खरंही तसंच होतं. राग खरा होता, शिव्या खऱ्या होत्या. त्या रागाच्या आडोशाला तिनं कडूबाईला लपवलं होतं. स्वतःच्या पोटच्या पोरांना जे सुचलं नाही, ते हिला सुचलं. कडूबाई गोणपाटावर परत बसली आणि तिनं विळा हातात घेतला. आभार मानायची तिला सवय नव्हती.

छबूबाई उठली. घरात गेली. आली तेव्हा हातात चहाचे दोन कप होते. एक तिनं गोणपाटापासून हातभर लांब जमिनीवर ठेवला आणि परत आलेल्या कोंबडीला म्हणाली, "साखर कमी हाय. चालत असंल तर प्यावा, न्हाई तर वतून द्यावा."

"चालतो म्हनावं," कडूबाईनंही कोंबडीलाच सांगितलं.

दोघी चहा प्यायल्या. छबूबाईनं कप खाली ठेवला. "पेटीतून समदं ऐकाया आलं," ती कोंबडीला म्हणाली. "चाकनला न्यायचं, गोठ्यात ठिवायचं. लोकांचं नवल वाटतं मला. दुसऱ्याला शिव्या घालाया तोंड तलवारीसारखं चालतं, आन सोताला काय पायजे ते सांगायची येळ आली की दातखीळ बसती."

हे झोंबलं. पूर्वीची कडूबाई असती तर कप फेकला असता. आता तिनं तो दोन्ही हातांत धरून ठेवला. काय पाहिजे, हे तिला खरंच कुणी विचारलं नव्हतं, पण तिनं स्वतःही स्वतःला विचारलं नव्हतं. हेच पाहिजे होतं, आत्ता जे होतं ते. थोडी सावली, हाताला आपल्या मर्जीचं काम, आणि कुणाची हाक नाही.

ऊन कललं तशी ती उठली. पदर झटकला. कुंपणाशी जाऊन थांबली आणि पाठमोरीच म्हणाली, "उपकार झाले, बाई."

कोंबडी तेव्हा खळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला होती. छबूबाईनं विळा थांबवला.

घरी आली तर श्रीगोंद्याची मंडळी क्रूझरमधे बसत होती. तिला बघून सगळे एकदमच बोलायला लागले. बिभीषण ओरडला, "कुठं होतीस? सगळं रान पालथं घातलं! माणसांत शोभा झाली!"

"जिथं तुमची तोंडं दिसत न्हाईत तिथं होते," कडूबाई म्हणाली. ती ओरडली नाही, म्हणून सगळ्यांना गप्प बसून ऐकावं लागलं. "आता ऐका. बिभीषन, मी चाकनला येनार न्हाई. गड्याला सुट्टीला हिकडं आना, त्याला डोळ्यात तेल घालून संभाळीन. तिकडं चार भिंतींत मी न्हाई ऱ्हानार. वाल्मिक, सांजच्या धारा मी काढीन. सकाळच्या तू आन तुझी बायको. ढवळी लाथ मारंल, मारू दे, मलाबी मारतच व्हती. आन रयवारी दुपारी मला कुनी हाक मारायची न्हाई. घराला आग लागली तरी न्हाई."

"म्हणजे माझ्या नोकरीचं काय?" दिपालीचा आवाज कापरा झाला.

"ते तुमी दोघांनी बघायचं. इचारलं असतं तर दुपारी माईकवरच सांगितलं असतं मी हे."

"माईक तुझ्या हातात कुठं दिला होता?" बिभीषण म्हणाला.

"त्येच म्हन्ते मी."

दिपाली पाया न पडता मोटारीत जाऊन बसली. बिभीषणनं दार एवढ्या जोरात आपटलं की पोर दचकून रडायला लागलं. अश्विनीनं गोठ्यात बादल्या आदळल्या. वाल्मिक ओट्यावर बसून राहिला आणि आईशी तो आठवडाभर कामापुरतंही बोलला नाही. कडूबाईला वाईट वाटलं. पोराच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवायचा राहूनच गेला होता. पण तिनं हाक मारून मोटार थांबवली नाही.

पुढं दिपालीच्या आईला चाकणला जाऊन राहावं लागलं, आणि तिथल्या चौथ्या मजल्यावर त्यांचं कसं होतंय, हे दिपालीनं कडूबाईला फोनवर तिखटमीठ लावून ऐकवलं. बिभीषण कितीतरी दिवस फक्त भावालाच फोन करायचा. अश्विनी सकाळच्या धारा काढते, रोज कुरकुरते. कडूबाईची जीभ गोड झाली आहे, असं वस्तीवरचं कुणीही म्हणणार नाही.

मात्र रविवारी जेवणं झाली की ती घासाच्या वाफ्यातून कुंपणाकडं जाते. बोराट्यांतली वाट आता माणूस सरळ जाईल एवढी झाली आहे. कुणी कापली ते माहीत नाही. कांदा संपला, मग भुईमुगाच्या शेंगा झाल्या, मग वाळवणाच्या मिरच्यांची देठं. एकदा श्रीमंत म्हातारा दुपारचा लवकर घरी आला आणि दोघींना समोरासमोर बसलेलं बघून फाटकातच थबकला.

"बोलता व्हय तुमी आता?" त्यानं विचारलं.

"न्हाई," दोघी एकदमच म्हणाल्या.

म्हातारा घाबरून घरात गेला. छबूबाईनं मिरच्यांचं सूप दोघींच्या मधे ओढलं आणि कडूबाईनं त्यातली मूठभर आपल्या पुढ्यात घेतली.